साथीचे संकट, परंपरागत औषध आणि शासनाचे कर्तव्य : विनयपिटकाच्या प्रकाशात

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर धरण झाले आणि येलदरी हे नाव महाराष्ट्रास परिचित झाले. धरणाचे पाणी कालव्यांनी दूरवर गेले, जलविद्युत केंद्राची वीज त्याहून दूर गेली. गावातून जिल्हा रुग्णालयास जाण्याची वाट मात्र जिंतूरवरून परभणीस जाते, ती होती तेवढीच लांब राहिली. या गावी वर्षावासातील ग्रंथवाचनास उपस्थित राहण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. त्या दिवशी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातील आजारी भिक्खूच्या शुश्रूषेचा प्रसंग वाचला गेला. वाचन संपल्यावर एक वृद्ध उपासिका उठून म्हणाली, “भंतेजी, इनयात भगवंतानं भिक्खूला गोमूत्र घ्यायला सांगितलंय, असं तुमीच मागं सांगितलं. मग करोनाच्या वक्ताला टीव्हीवर गोमूत्र पिणारे दिसले, तवा आपण हसलो ते कशापायी? आन् आमचा दीर काढ्यावर न् पांढऱ्या गोळ्यांवर सहा दिवस घरात बसून ऱ्हायला. परभणीला नेला तवा दमच उरला नव्हता. त्याला काय म्हणायचं?”

हे घडले होते २०२१ च्या एप्रिल महिन्यात. कोणी त्यांस काय सल्ला दिला, याचा शोध घेण्यात आता अर्थ नाही. परंतु प्रश्नाचे दोन्ही भाग रास्त आहेत, आणि ते एकाच मुळाशी जाऊन भिडतात. साथीच्या काळात परंपरेने आलेल्या औषधाला शासनाने कोणते स्थान द्यावे? आणि आपण बौद्ध म्हणून त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? भंतेजींनी त्या दिवशी थोडक्यात उत्तर दिले. वेळेअभावी जे राहिले ते येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम गोमूत्राविषयी. विनयपिटकात भिक्खूच्या चार निश्रयांचा, म्हणजे जीवनाच्या चार किमान आधारांचा उल्लेख आहे. भिक्षेचे अन्न, चिंध्यांचे चीवर, वृक्षाखालचा निवास आणि पूतिमुत्त भेसज्ज, म्हणजे आंबविलेल्या गोमूत्राचे औषध, हे ते चार आधार होत. ज्याच्याजवळ काहीही नाही त्यालाही जे फुकट मिळू शकेल, ते येथे सांगितले आहे. गायीच्या पावित्र्याचा येथे लवलेशही संबंध नाही. वृक्षाखालचा निवास सांगितला म्हणून विहार बांधू नयेत असे कोणी म्हणत नाही. त्याच ठिकाणी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही अधिकची औषधे म्हणून मोकळी ठेवली आहेत. याउलट मार्च २०२० मध्ये दिल्लीत एका संघटनेने गोमूत्र प्राशनाचा जो जाहीर कार्यक्रम केला, त्यात ते द्रव्य पवित्र आहे म्हणूनच ते विषाणूस मारील, असा तर्क होता. द्रव्य एकच असले तरी विचार परस्परविरोधी आहेत. हसायचे असेल तर त्या तर्काला हसावे. गरिबाच्या औषधाला हसण्याचे कारण नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे एक संपूर्ण प्रकरण औषधांना दिलेले आहे. बौद्ध वाचकांनी ते एकदा तरी सलग वाचावे असे आहे. शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश व पांढुरके झाले, अन्न टिकेनासे झाले, तेव्हा वर सांगितलेली पाच औषधे अनुज्ञात झाली. त्यानंतर एकेका आजाऱ्याची गरज पुढे येते आणि यादी वाढत जाते. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, कडू पडवळ, तुळस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. आपल्या आजीच्या बटव्यात जे असते ते जवळजवळ सर्व येथे आहे. २०२० मध्ये केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने जो काढा सुचविला त्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे होते. म्हणजे त्यातील बहुतेक द्रव्यांशी भिक्खुसंघाचा परिचय दोन हजार वर्षांहून जुना आहे.

परंतु यादीपेक्षा यादी वाढण्याची रीत महत्त्वाची आहे. कोणतेही औषध श्रुतीत आहे, ऋषींनी सांगितले आहे अथवा देवाने दिले आहे म्हणून तेथे येत नाही. अमुक भिक्खूला अमुक त्रास झाला, अमुक उपाय हवा होता, म्हणून अनुज्ञा झाली. एक उपाय पुरेना, म्हणून दुसरा आला. आणि हीच रीत निषेधालाही लागू आहे. एका वैद्याने एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालविले, तेव्हा भगवंतांनी त्या जागी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. त्याची कारणे अशी दिली आहेत की तेथील कातडी नाजूक असते, जखम लवकर भरत नाही आणि शस्त्र सांभाळणे अवघड असते. मनाई अपायावरून ठरली. त्याच प्रकरणात आजच्या वाचकाला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. अमानुष बाधेने पछाडलेल्या एका भिक्खूच्या संदर्भात कच्चे मांस व रक्त यांची अनुज्ञा तेथे आढळते, आणि सर्पदंशावर शेण, मूत्र, राख व माती सांगितली आहे. ती त्या काळाची वैद्यकी होती. आज सर्पदंशावर प्रतिविष उपलब्ध असता विनयातील माती लावून बसणे ही विनयाचीच अवहेलना ठरेल. उपयुक्त काय ते पाहून अनुज्ञा द्यावी आणि अपाय दिसला की ती काढून घ्यावी, एवढेच तेथे टिकाऊ आहे. बुद्धिसंगती हीच बुद्धवचनाची कसोटी, असे बाबासाहेबांनी प्रतिपादले. ती कसोटी औषधासही लावावयाची आहे.

हे औषधशास्त्र श्रमणांच्या हाती वाढले, हा केवळ आपला अभिमानाचा दावा नव्हे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली आणि केनेथ झिस्क यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, भारतीय वैद्यकाची अनुभवनिष्ठ बाजू ब्राह्मणी कर्मकांडाच्या चौकटीबाहेर वाढली असे सविस्तर मांडले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न त्याज्य ठरविले आहे, हे यासंदर्भात ध्यानी घ्यावे. रोग्याच्या पू-रक्ताला हात लावणारा माणूस त्या व्यवस्थेत शुद्ध राहूच शकत नव्हता. त्याच देशात जीवक हा वैद्य संघाचा आदर्श झाला; आणि जीवक हा राजगृहाच्या गणिकेचा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला मुलगा होता. गावोगावी बाळंतपण करणारी, नाळ कापणारी सुईण बहुधा आपल्याच वस्तीतील का असे, याचे उत्तरही येथे सापडते. हातांचे कौशल्य घ्यावे आणि हात बाटलेले मानावेत, असा हा व्यवहार होता. आज ‘आमचे प्राचीन वैद्यक’ असे म्हणताना ‘आमचे’ या शब्दात या हातांना जागा आहे काय, हे विचारले पाहिजे.

आता साथीकडे वळू. महावग्गाच्या पहिल्या प्रकरणात एक प्रसंग आहे, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग फैलावले. जीवक हा राजा बिंबिसार आणि भिक्खुसंघ यांचीच चिकित्सा करीत असे. लोक त्याच्याकडे येऊन सारे धन देऊ करीत, पण त्याला सवड नव्हती. तेव्हा लोकांनी वाट शोधली : प्रव्रज्या घ्यावी, औषधोपचार मिळवावा, बरे झाल्यावर चीवर सोडावे. परिणाम असा झाला की आजारी भिक्खूंची संख्या वाढली, उपासकांवर मागण्यांचा भार पडला आणि जीवकाच्या हातून राजाच्या कामातही हयगय झाली. बरा होऊन गृहस्थ झालेला एक मनुष्य जीवकाला भेटला, तेव्हा सत्य उघड झाले. त्यानंतर या पाच रोगांच्या रुग्णास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

नियम कठोर वाटतो, आणि तो सुखाने वाचता येत नाही. परंतु त्यातील परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. एकच वैद्य आहे, औषधे मोजकी आहेत, रोगी अगणित आहेत आणि उपचाराचे दार एका विशिष्ट समूहापुरते उघडे आहे. असे असले की माणूस त्या दारातून आत जाण्यासाठी वाटेल ते रूप घेतो. दोष रोग्याचा नव्हता. राजाने लोकांसाठी दुसरा जीवक नेमला नव्हता, हे खरे कारण होते. संघ हे राज्याच्या आरोग्यखात्याचे काम करू शकत नाही, एवढेच या नियमाने कबूल केले असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ती उणीव पुढे एका राजाने ओळखली. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा आपल्या राज्यात व सीमेपलीकडील चोळ, पांड्य, सातियपुत, केरलपुत, ताम्रपर्णी आणि ग्रीक राजांच्या प्रदेशांतही सुरू केल्याचे नमूद आहे. औषधी वनस्पती, मुळे व फळे जेथे नव्हती तेथे आणून लावविली, रस्त्यांवर विहिरी खोदविल्या. परंपरागत औषधासंबंधीचे शासकीय धोरण म्हणून इतका जुना व स्पष्ट लेख दुर्मीळ आहे. त्यात वनस्पतींचे माहात्म्य नाही. त्या ‘जेथे नव्हत्या तेथे’ पोचविल्या, हे त्यातले सार आहे. आणि त्याच राजाचा नववा शिलालेख सांगतो की आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्मात व प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प आहे. या नवव्या लेखाचा तुकडा महाराष्ट्रातच, सोपाऱ्याजवळ १९५६ मध्ये सापडला व तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. (त्या लेखात क्षुद्र विधींचा ठपका विशेषेकरून स्त्रियांवर ठेवला आहे. आजारी लेकराजवळ रात्र काढणाऱ्या बाईला राजाने एवढ्या सहज नावे ठेवावयास नको होती.) दोन लेख एकत्र वाचले म्हणजे चित्र पुरे होते : औषध, पाणी व चिकित्सा ही राजाची जबाबदारी, आणि आजारातील कर्मकांडावर भरवसा ठेवू नये हा राजाचा सल्ला.

येथे रतनसुत्ताचा प्रश्न उभा राहतो, कारण साथ म्हटली की आपल्या उपासकांस वैशालीची कथा आठवते. वैशालीत दुष्काळ, अमानुषांचे भय आणि रोग असे तिहेरी संकट आले. भगवंत आले, पाऊस पडला, प्रेते वाहून गेली. मग आनंदाने सुत्त म्हणत नगरात पाणी शिंपडले आणि रोग शमला. ही कथा अट्ठकथेतील आहे. मूळ सुत्तात साथीचा उल्लेख नाही, त्यात बुद्ध, धम्म व संघ या रत्नांचे गुणवर्णन आहे. कथेतही क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम पावसाने नगर धुतले जाते आणि कुजणारी प्रेते हटतात, सुत्तपठण त्यानंतर होते. तरीही पुढील शतकांत शिंपडलेले पाणी तेवढे लक्षात राहिले. श्रीलंकेत नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील आरोग्यमंत्र्यांनी करोना शमावा म्हणून मंतरलेल्या पाण्याची मडकी नदीत सोडली. डिसेंबरमध्ये केगल्ल येथील एका मांत्रिकाने कालीमातेने सांगितल्याचा दावा करून मध व जायफळ यांचा पाक तयार केला आणि तो घेण्यास हजारोंची गर्दी उसळली. त्याच मंत्र्यांनी तो पाक जाहीरपणे प्राशन केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांना करोनाची बाधा झाली. बौद्ध देश म्हणून आपण ज्याच्याकडे आदराने पाहतो तेथील ही हकिकत आहे. ती लपविण्यात स्वारस्य नाही. आपल्याकडेही त्या काळात घरोघर परित्राण पाठ झाला. भयग्रस्त मनास त्याने धीर आला असेल तर उत्तमच, परंतु धीर व उपचार यांची गल्लत होता कामा नये.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासात साथ आणि शासन यांचा सर्वांत तीव्र संघर्ष १८९६-९७ च्या प्लेगमध्ये झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरे तपासणे, रोग्यांस बळाने हलविणे, सामान जाळणे असा सरकारचा कारभार होता, तर लोकांचा ओढा वैद्य-हकिमांकडे होता. आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे की त्या वेळी प्लेग बरा करणारे औषध पाश्चात्य डॉक्टरांकडेही नव्हते. लोकांनी डॉक्टर नाकारून वैद्य धरला, त्यात निव्वळ अडाणीपणा नव्हता. मात्र एक फरक होता. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले व न टोचलेले कैदी यांची तुलना केली. कैद्यांची संमती किती मोकळी होती हा प्रश्न राहतोच. तथापि उपाय आणि त्याचे फळ यांची मोजदाद करण्याची रीत तेथे दिसते. वैद्यांच्या काढ्यांची तशी मोजदाद कोणी केली नाही, सरकारनेही करविली नाही. त्यामुळे त्यांतील एखादा उपयोगी होता की नाही, हे कायमचे अज्ञात राहिले.

दरम्यान जातीजातींची वेगळी इस्पितळे उघडली गेली. कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालणार, हा प्रश्न मरणाच्या दारातही सुटला नव्हता. त्याच वेळी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचविले. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. प्लेगचे औषध त्यांच्यापाशीही नव्हते. त्यांनी केले ते रोग्याला हात लावण्याचे काम, आणि ते काम ना वैद्याच्या पोथीत होते ना सरकारच्या कायद्यात.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला आणि दाट, अंधाऱ्या वस्त्यांच्या जागी चाळी बांधण्याचे काम सुरू झाले. परळच्या अशाच एका न्यासाच्या चाळीत बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले. साथीने शासनास जे शिकविले त्यात घर, उजेड आणि पाणी यांचा वाटा कोणत्याही औषधाइतकाच होता, हे त्या चाळीच्या भिंती सांगत होत्या. पुढे प्रतिजैविके आली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळला, तेव्हा टेट्रासायक्लिन हाताशी होते. सत्त्याण्णव वर्षांत झालेला फरक तो हाच.

मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. औषधाबाबतची स्थितीही प्रारंभी तशीच होती, म्हणजे खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता. अशा पोकळीत परंपरागत औषधास शासनाने पुढे आणले. २९ जानेवारी २०२० रोजीच आयुष मंत्रालयाने प्रतिबंधासाठी आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथिक औषधाची शिफारस केली होती. पुढे महाराष्ट्राच्या ग्रामविकास खात्याने ग्रामीण भागातील सुमारे ५ कोटी लोकांना ते मोफत देण्याचे जाहीर केले. येलदरीच्या उपासिकेने म्हटलेल्या ‘पांढऱ्या गोळ्या’ त्याच जातीच्या. वस्तुतः होमिओपॅथी ही भारतीय परंपरा नाहीच. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हानेमान यांनी मांडली. शासनाच्या एका खात्यात आली म्हणून ती आपली परंपरा ठरली! (तिबेटी बौद्धांची सोवा-रिग्पा ही वैद्यकपद्धती मात्र त्या खात्यात यावयास २०१० साल उजाडावे लागले.) या औषधाच्या नावातील ३० हा आकडा म्हणजे शंभरास एक या प्रमाणात तीस वेळा केलेले विरलीकरण होय. बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एक कण उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. गोळीने अपाय होत नाही हे खरे. ती घेऊन माणूस निर्धास्त झाला तर जो अपाय होतो, तो गोळीच्या डबीवर लिहिलेला नसतो.

६ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्राने आयुर्वेद व योग यांवर आधारलेली करोना-उपचाराची मार्गदर्शिका काढली. तीत अश्वगंधा, गुळवेल व आयुष-६४ यांचा समावेश होता. भारतीय वैद्यक संघटनेने पुरावा मागितला. आयुष-६४ हे सातवीण, कुटकी, काडेचिराईत व सागरगोटा यांचे मिश्रण मुळात हिवतापासाठी १९८० च्या सुमारास सिद्ध केलेले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात क्लोरोक्विनने सर्व रुग्ण बरे झाले आणि या मिश्रणाने जेमतेम निम्मे. गुळवेलीविषयी २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु बाजारातील गुळवेल खरी की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे ग्राहकास कळत नसेल, तर लाखो घरांस ती घ्या असे सांगणाऱ्यावर ते ओळखून देण्याचीही जबाबदारी येते. अशोकाने वनस्पती स्वतः लावविल्या होत्या.

परंपरेतून खरे औषध निघतच नाही काय? निघते, आणि त्याची वाट ठाऊक आहे. चीनमध्ये चौथ्या शतकातील को हुंग यांच्या संकटकाळच्या औषधांवरील ग्रंथात तापावर चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी असे सांगितले होते. १९६७ साली सुरू झालेल्या हिवताप-संशोधनात थू यूयू यांनी त्या सूचनेचा धागा धरला. उकळल्याने गुण नष्ट होत असावा असे अनुमान करून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, स्वतः घेतला, मग रोग्यांस दिला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज सेरेब्रल मलेरियाच्या रुग्णास वाचविणारी इंजेक्शने त्याच कुळातील आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाचा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला, तोही याच वाटेचा. याउलट एप्रिल २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच आर्टेमिसिया वनस्पतीचे पेय करोनावरील उपाय म्हणून जाहीर केले आणि तपासणी नंतर पाहू अशी भूमिका घेतली. वनस्पती एकच, पण पहिल्या ठिकाणी परंपरेला प्रश्न विचारला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या नावे घोषणा झाली.

मग शासनाने संकटकाळी परंपरागत वैद्यकाचे करावे काय? ज्या उपायांचा गुण पाहावयाचा आहे त्यांची तपासणी साथीच्या पहिल्या दिवसापासून करावी, आणि निकाल विरुद्ध गेला तरी प्रसिद्ध करावा. निकाल येईपर्यंत त्यांचे सार्वत्रिक वाटप करू नये. काढ्याने घशास आराम पडत असेल तर तेवढेच सांगावे, आणि त्याच कागदावर, त्याच अक्षरांत, श्वास लागताच रुग्णालय गाठावे असे छापावे. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या महानगरपालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. प्राणवायूची जागा कोणताही काढा घेऊ शकत नव्हता. ती उणीव भरून काढण्याऐवजी प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या गोष्टी सांगणे हे शासनास स्वस्त पडते. परंपरागत औषधाचा खरा धोका त्याच्या गुणावगुणांपेक्षा या स्वस्ताईत आहे. गोळी वाटली की गावाकडे लक्ष दिल्याची नोंद होते, आणि जिंतूर-परभणीची वाट तेवढीच लांब राहते.

दुसरी गोष्ट माणसांची. ग्रामीण महाराष्ट्राची आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणात आयुर्वेद पदवीधरांवर उभी आहे. २०१४ पासून चालणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांतील डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. करोनाच्या काळात यांनीच रोगी तपासले, प्राणवायू लावला, गाडीतून नेले. परंपरागत वैद्यकाचे सर्वांत मोठे योगदान काही असेल तर ते ही शिकलेली माणसे होत, काढ्याची पाकिटे नव्हेत. त्यांना आधुनिक तातडीच्या उपचारांचे रीतसर शिक्षण, कायद्याचे संरक्षण आणि समान कामास समान मोबदला देणे हे धोरणाचे काम आहे. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या आशा सेविकांची अवस्था याहून बिकट. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले.

येथे पुन्हा विनयाकडे यावे लागते. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या ज्या भिक्खूचा प्रसंग येलदरीत वाचला गेला, त्यात एकाही औषधाचे नाव नाही. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचावर ठेवले. मग संघ बोलावून विचारणा केली, आणि कोणाची जबाबदारी कोणावर याची साखळी ठरविली : उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, सहाध्यायी असेल तर त्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास तो दोष. रोग्याची सेवा ही कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण त्याच ठिकाणी आहेत : औषध सिद्ध करता यावे, हितकर व अहितकर ओळखता यावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र व ओकारी काढण्याची घृणा नसावी, आणि रोग्यास वेळोवेळी धम्मकथेने उल्हसित करता यावे. औषधाचे ज्ञान यात पहिलेच आहे, पण ते पाचांतील एक आहे. रोग्याचेही कर्तव्य सांगितले आहे. आपला आजार वाढला की उतरला हे त्याने खरे सांगावे. वाळीत पडण्याच्या भयाने ताप लपविणाऱ्या वस्तीत हे कर्तव्य पार पाडणे किती अवघड झाले होते, हे त्या दोन वर्षांत आपण पाहिले आहे.

उपासिकेच्या दीराजवळ त्या सहा दिवसांत घरचे लोक होते, काढा होता, गोळ्याही होत्या. हितकर कोणते व अहितकर कोणते हे ओळखणारे मात्र जवळ कोणी नव्हते, आणि श्वास किती उतरला हे दाखविणारे साधे यंत्रही नव्हते. येलदरीच्या विहारात आता कपाटात एक ऑक्सिमीटर आणि एक थर्मामीटर ठेवला आहे. शेजारी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर १०८ हा क्रमांक, आशाताईंचा दूरध्वनी आणि रात्री गाडी काढू शकतील अशा तीन उपासकांची नावे लिहिलेली आहेत. काढ्याचे साहित्यही त्याच कपाटात, खालच्या खणात आहे. वहीचे अक्षर त्या उपासिकेच्या नातीचे आहे.